उचललेली ओळ

कुणालीने आरसा तांदळाच्या कणगीला टेकवून ठेवला, ओल्या रुमालाने मान पुसली आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून ब्रशांच्या डब्यात टाकलं.

समोर पोत्यावर बसलेल्या सुंदराने ते पाहिलं.

"काढतेस काय गो? लग्नघरात?"

"घामोळं आलंय, मावशी. चावतं."

मागच्या खोलीत त्या दोघीच होत्या. नवरीला सजवायला वाशिंदहून आलेली कुणाली, आणि लग्नात धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणायला मुरबाडकडून, म्हसा गावाच्याही पलीकडून आलेली सुंदरा. सकाळपर्यंत एकीने दुसरीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. लग्नघरात कामाला आलेल्या बायकांना कुणी बस म्हणत नाही. जागा दिसली की टेकायचं, आणि दोघींना हीच जागा दिसली होती. मुहूर्त साडेबाराचा होता. दोन वाजत आले तरी वऱ्हाड महामार्गावर पडघ्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेलं. भटजींनी चार वाजताचा दुसरा मुहूर्त काढून दिला होता आणि स्वतः आंब्याखाली खाट टाकून झोपले होते. नवरी स्नेहल पुढच्या खोलीत पंख्याखाली होती. मागच्या खोलीला पंखा नव्हता, वर पत्रा होता आणि बाहेर मे महिना.

दारात नवरीची आत्या आली, जना. लग्नात एखादी आत्या अशी असतेच की जिच्याशिवाय पान हलत नाही. जनाने खोलीवर नजर फिरवली. कुणाली चटकन आरशाकडे तोंड करून बसली.

"धवलारीण," जना म्हणाली, "पाठवणीला ते 'दिल्या घरी' पुरं म्हनायचं हां. मागल्या साली माज्या पुतनीच्या लग्नाला तुमी मधीच खोकल्या. मी ध्यानात ठेवलंय. आमची स्नेहल तोंडाची फटकळ हाय, नोकरी करते, कोनाचं ऐकून घेत नाय. तिच्या कानावर पडू दे जरा."

"म्हनते," सुंदरा म्हणाली.

"नाय तर पुढच्या टायमाला दुसरी बघू," असं हसत हसत म्हणून जना गेली. ती हसत म्हणाली असली तरी तिला तसंच म्हणायचं होतं, हे सुंदराला कळत होतं. आजूबाजूच्या बारा गावांत आता बायका तिला फक्त हळदीला आणि पाठवणीला बोलवत. बाकी सगळं बेंजोवाल्याकडे. जनाने तोंड फिरवलं की तेही जाणार.

पाठवणीच्या धवल्यात 'दिल्या घरी'च्या ओळींची जोडी शेवटी यायची. 'सासूला म्हन गो आई, सासऱ्याला म्हन गो बाप, मागं वळून नको बघू, दिल्या घरी राहा गप.' सुंदराला ती सासूकडून आली होती, सासूला तिच्या सासूकडून. सुंदराने तीस वर्षं ती म्हटली आणि बायका धाय मोकलून रडल्या. गेली सात वर्षं मात्र ती जोडी तोंडावर आली की सुंदरा खोकायची, पाणी मागायची, पदर सावरायची आणि तेवढ्यात नवरी गाडीत बसायची. बायकांना वाटे, म्हातारीचा घसा गेला. घसा शाबूत होता.

जना गेल्यावर कुणाली वळली.

"गेली?"

"गेली. तिला बघून का तोंड फिरवलंस?"

कुणालीने डब्यातलं मंगळसूत्र बोटाने हलवलं. मग खांदे पाडून म्हणाली, "हे दुकानातलं आहे, मावशी. एकशे वीस रुपयांचं. नवरा नाहीये मला. म्हणजे आहे, कल्याणला. डिव्होर्स झाला, चार वर्षं झाली. सोडलेल्या बाईचा हात नवरीच्या कपाळाला कोण लावून घेतं? गेल्या गेल्या पहिला प्रश्न तोच असतो, तुमचे मिस्टर काय करतात."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"दमले. या हप्त्यातलं पाचवं लग्न आहे. खोटं बोलायला पण जोर लागतो." तिने भिंतीला डोकं टेकलं. "आणि तुम्ही कुठे परत भेटणार आहात मला."

सुंदराला ते पटलं. तिने कमरेची चंची काढली, पान लावलं, अर्धं तोडून कुणालीला दिलं. कुणाली नवरीच्या घरात पान खात नसे, दात रंगतात म्हणून. तिने घेतलं.

"मारायचा?"

"नाही. मारलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं." कुणाली पान चावत राहिली. "सासू आठ वाजता स्वयंपाकघराला कुलूप लावायची. मला पार्लरमधून यायला साडेआठ व्हायचे. दोन वर्षं मी बिस्किटांवर काढली. माहेरी कोणाला सांगायची लाज वाटायची. काय सांगणार? मला जेवायला देत नाहीत? भिकाऱ्यासारखं वाटतं ते."

"मग?"

"मग एकदा पहाटे बाबांना फोन केला. नुसती रडले, काही बोलले नाही. बाबा वाशिंदला फॅक्टरीत आहेत, नाइट करून सुटत होते. तसेच युनिफॉर्मवर आले कल्याणला. दारात उभे राहिले. कोणाशी भांडले नाहीत, काही विचारलं नाही. मला म्हणाले, चप्पल घाल."

सुंदराचं चावणं थांबलं.

"एवढंच?"

"एवढंच. चप्पल घाल. घरी आल्यावर आई म्हणाली, भात गरम करू का. मी पातेलंभर भात खाल्ला, मावशी, नुसत्या आमटीशी."

बाहेर कुणीतरी बेंजोवाल्याला चहा दिला का म्हणून ओरडत होतं. सुंदरा बराच वेळ पोत्याच्या शिवणीवरून नख फिरवत राहिली. ती बोलली तेव्हा कुणालीकडे बघत नव्हती.

"मी पन चपलाच दिल्या होत्या," ती म्हणाली. "माज्या पोरीला. गंगीला."

कुणाली भिंतीपासून सरळ झाली.

"दोनदा आली ती परत. पयल्यांदा दिवाळीला, ती आपली चार दिवस राहिली. दुसऱ्यांदा चालत आली, अनवानी. पायाला फोड. म्हनाली, आई, मी नाय जात आता. मी तिच्या पायाला तेल लावलं, तिला भाकर दिली. आन माज्या पायातल्या चपला तिला घातल्या, म्हनले, उजेड हाय तवर नीघ. बारा गावांच्या पोरींना मी सांगते दिल्या घरी राहा. माजीच पोर घरी बसली तर माजं गानं कोन ऐकंल?" तिने पिंक टाकायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "तिसऱ्यांदा नाय आली. श्रावनात तिच्या सासरच्या विहिरीवरनं निरोप आला."

"घरी माहिती आहे हे? तुम्ही परत पाठवलं ते?"

"नवऱ्याला वाटलं ती आपनहून गेली. तो पन गेला आता." सुंदराने पदराने तोंड पुसलं. "तुला सांगितलं. तू लांब वाशिंदला राहातेस, म्हनून."

कुणाली उठली, माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली आणि सुंदरासमोर ठेवलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग संध्याकाळी काय करणार? खोकणार?"

"ती आत्या डोळ्यांत तेल घालून बसंल. आज म्हनावंच लागंल. म्हनते आन मोकळी होते. यानंतर नाय जायची कुठं."

"दुसरं काही म्हणा ना त्याच्या जागी. गंगी दारात आली तेव्हा जे म्हणायला पाहिजे होतं, ते."

"येडी का काय तू? गानी मी बनवते होय? ती आलेली असतात."

"पहिल्यांदा कोणीतरी बनवलंच असेल की. तुमच्या सासूच्या सासूने. तिला पण कोणी सांगितलं नसेल, बनव म्हणून."

सुंदरा हसली. वैतागून हसली, पण हसली. मग डोळे मिटून तिने पोत्यावर बोटांनी ठेका धरला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवायला लागली. चालीत बसेना. कुणाली म्हणाली, 'फोन कर गो लेकी' असं टाका. सुंदराने डोळे न उघडता सांगितलं की फोन धवल्यात बसत नाही, जड पडतो. कुणाली म्हणाली, मग चप्पल बसते का? सुंदराचं बोट थांबलं. चपला बसत होत्या. भातही बसत होता.

चारदा मोडून पाचव्यांदा ते जमलं. सुंदराने अगदी हळू म्हणून दाखवलं आणि नवीन सून पहिली भाकर पुढे करते तशी कुणालीकडे बघितलं. साठ वर्षांत तिने स्वतःचं असं काही केलेलं नव्हतं. पोरं झाली, शेतं लावली, दुसऱ्यांची गाणी म्हटली. ही दोन ओळींची चिमूट तेवढी तिची होती.

"चांगलं आहे," कुणाली म्हणाली. "पण उचलतील का?"

तोच प्रश्न होता. धवल्याची रीत अशी, की धवलारीण ओळ टाकते आणि जमलेल्या बायका ती उचलतात, म्हणजे तिच्या मागून म्हणतात. उचलली नाही तर पुढची ओळ टाकायची नसते. ओळ पडली म्हणतात, आणि पाठवणीला ओळ पडणं चांगलं मानत नाहीत.

"तू उचलशील?"

"मला गाता येत नाही, मावशी. शाळेत प्रार्थनेला पण मागे उभं करायचे."

मग वऱ्हाड आलं आणि कुणालाच कुणाशी बोलायला वेळ राहिला नाही. कुणालीने मंगळसूत्र घातलं, स्नेहलचा सगळा चेहरा पुसून नव्याने केला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, फोटो काढून झाले. उन्हं कलली तशी गाडी दारात लागली आणि बायकांनी नवरीभोवती कडं केलं. नवरीची आई देवकी दिवसभर भांड्यांच्या आणि पाहुण्यांच्या मागे धावत होती. तिचा नवरा अनंता मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. जना सुंदराच्या अगदी समोर येऊन थांबली.

सुंदराने सुरुवात नेहमीची केली. बायकांनी उचललं. हुंदके सुरू झाले. शेवटची जोडी आली तेव्हा ती खोकली नाही.

'घाल गो चपला लेकी, माज्या घराची हाय वाट.'

कुणी उचललं नाही. बायकांना ओळ ओळखीची नव्हती, आणि ज्यांना अर्थ लागला त्यांनी जनाकडे बघितलं. जनाचं तोंड उतरत चाललं होतं. सुंदराने तीच ओळ परत टाकली. मांडवात फक्त गाडीच्या इंजिनाचा आवाज राहिला.

मग मागून, दारातून, एक बेसूर आवाज आला. तोंडातल्या पिना हातात घेऊन कुणाली ती ओळ म्हणत होती, शाळेतल्या पाढ्यासारखी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माना वळल्या. ती ना गावची, ना नात्यातली, पण ओळ उचलली गेली होती, म्हणून सुंदराने पुढची टाकली.

'तुज्या वाटनीचा भात, ठेवते झाकून ताट.'

स्नेहलने मान वर केली. कुणी काही बोलायच्या आत अनंताने तिला खांद्याला धरून गाडीकडे नेलं, बेंजो वाजायला लागला आणि गाडी निघाली.

"हे कुठलं काढलं नवीन?" जनाने सगळ्यांसमोर विचारलं. "लग्नात परत यायचं बोलतात? आमच्यात नाय चालत असलं. पुढच्या टायमाला नका येऊ तुमी."

"बरं," सुंदरा म्हणाली.

मागच्या खोलीत कुणाली सामान भरत होती. आसनगावपर्यंत सोडू का म्हणून तिने विचारलं. सुंदरा म्हणाली, मुरबाडची जीप वेशीवरूनच मिळते. नंबर देऊ का, असं कुणालीच्या तोंडावर आलं होतं, पण तिने विचारलं नाही आणि सुंदरानेही मागितला नाही. स्कूटीला डबा बांधताना कुणाली म्हणाली, "येते, मावशी." लांब जाईपर्यंत तिने मागे बघितलं नाही, कारण रस्त्यात खड्डे होते.

सुंदरा मागच्या खोलीत पोत्यावरून उठणार तेवढ्यात देवकी आत आली. हातात नारळ आणि खण होता. तिने ते सुंदराच्या पदरात घातलं आणि मागे वळून दाराला कडी लावली. ती इतकी थकली होती की कडी दुसऱ्या खेपेला बसली. मग ती सुंदरासमोर जमिनीवरच बसली.

"मला समद्यांसमोर उचलता नाय आली," ती म्हणाली. "नणंद उभी होती."

"असू दे."

"धाकटीचं पुढल्या साली करायचं हाय. आन स्नेहलला पन..." तिने वाक्य सोडून दिलं. "मला ती पाठ करायची हाय. परत सांग."

सुंदराने पहिली ओळ सांगितली. देवकीने ती हळू आवाजात उचलली, मध्येच चुकली. सुंदराने परत सांगितली. बाहेरून अनंता हाका मारत होता, मोठं पातेलं कुठं ठेवलंय म्हणून.

"आले," देवकी म्हणाली, आणि बसूनच राहिली. "पुढची सांग."