बटणांवर ठेवलेला नारळ

मित्रांनो, मी चाकणच्या एका रंगकामाच्या कारखान्यातला जुना संगणक आहे. गाड्यांच्या सुट्या भागांचा रंग इथे भट्टीत पक्का करतात. त्या भट्टीचं तापमान माझ्या पडद्यावर दिसायचं. ती चालू-बंदही माझ्यातूनच व्हायची.

मला सांभाळायच्या निशिगंधाताई. गुडघे धरले तेव्हापासून त्या रहाटणीच्या घरूनच काम करू लागल्या. माझा पडदा त्यांच्या घरच्या पडद्यावर जसाच्या तसा दिसे. तिकडे त्या माऊस हलवत, इकडे माझा बाण हले. समोरची खुर्ची रिकामी असे, तरी मला एकटं वाटत नसे. त्यांचे यजमान बबनराव इथेच भट्टीवर कामाला होते.

एका खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. बबनरावांनी मला हार घातला आणि माझ्या बटणांवर नारळ ठेवला. शेवटचा माल अजून भट्टीत होता. तेवढ्यावर ताई घरून लक्ष ठेवणार होत्या, म्हणून सगळे जेवायला गेले. मेन स्विचच्या खोलीची किल्लीही बबनरावांच्या खिशात गेली.

दुपारी भट्टीतली गरम हवा खेळवणारा पंखा बंद पडला आणि तापमान चढू लागलं. एकशे ऐंशी. दोनशे. दोनशे वीस. भिंतीपलीकडे थिनरचे डबे होते. माझा बाण धावत 'भट्टी बंद'वर आला. त्यासाठी चार आकडी पासवर्ड लागतो. ताईंनी आकडे टाकले, ते पुसले गेले. पुन्हा टाकले, पुन्हा गेले. नारळाखाली खोडायचं बटण दाबलेलं होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं.

मग ताईंचा फोन स्पीकरवर ठेवून वॉचमन ज्ञानदेव आत आला.

"ताई, हितं कोणी न्हाई. नुसता पूजेचा नारळ हाय बटणांवर."

"उचल तो."

"पूजा उद्याशिवाय हलवायची न्हाई. बबनरावांनी बजावलंय."

"बबनरावांचं मी बघते घरी. तू उचल आधी."

"आन देव कोपला म्हंजे?"

"माझं नाव सांग त्याला. पत्ता पण दे रहाटणीचा."

ज्ञानदेवने हात जोडले आणि नारळ उचलला. चार आकडे उमटले, टिकले. भट्टी बंद झाली. तरी आकडा दोनशे शेहेचाळीसपर्यंत चढला, तिथे थांबला आणि मग सावकाश उतरू लागला.

साहेबांनी ताईंचं कौतुक केलं. बबनरावांना वर्षभर सगळे 'नारळवाले' म्हणत. घरीसुद्धा तेच.

पुढे नवा संगणक आला. मला अडीनडीला म्हणून नुसतं जोडून ठेवलं. माझ्यावर धूळ बसली. तरी ताई रोज एकदा येत, बाणाची एक फेरी मारून जात. गेल्या माघात बाण हलायचा थांबला. ताई गेल्या.

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा. पण आमची बटणं मोकळी ठेवा. लांब बसलेल्या कुणाचा तरी हात त्यांवर यायचा असतो.

यंदाच्या खंडेनवमीला बबनरावांनी नारळ शेजारच्या स्टुलावर ठेवला. मग माझं एकेक बटण फडक्याने पुसलं. रहाटणीहून आता कोणी येणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.