डाळ निवडणारा बेंदीर

मित्रांनो, लातूरच्या माणसांनी मला वीस वर्षं चाळणी म्हटलं. मी चाळणी नाही. मी बेंदीर आहे. तुमच्या डफासारखं एक वाद्य. लाकडाचं गोल कडं, एका बाजूला बोकडाचं कातडं आणि त्याच्या आतून ताणलेल्या दोन तारा. माझ्यावर थाप पडली की त्या तारा गुणगुणतात.

माझा जन्म फार दूरचा, मोरोक्को देशातल्या डोंगरांतला. हद्दू नावाच्या माणसानं मला घडवलं. सुगी संपली की तिथं गावोगाव जत्रा भरते. तिला मूसम म्हणतात. आपल्याकडच्या उरुसासारखी, एखाद्या पीराच्या कबरीपाशी. लोक खेचरांवर तंबू लादून येतात. घोडेस्वार एका ओळीत दौडत येतात आणि एकदम थांबून बंदुकीचे बार काढतात. संध्याकाळी बायका आणि पुरुष खांद्याला खांदा लावून अर्धगोलात उभे राहतात आणि गातात. त्यांच्यामध्ये मी. पण वाजवण्याआधी हद्दू मला विस्तवापाशी धरायचा. गारठ्यानं माझं कातडं सैल पडतं. ऊब लागली की ते ताणतं आणि मला आवाज येतो.

एका वर्षी लातूरहून ताहेर आला. तो डाळमिलच्या मशिनी बसवणारा फिटर. हद्दूच्या गावाजवळ मिल उभी राहत होती, तिथं तीन महिन्यांसाठी त्याला पाठवलं होतं. हद्दू त्याच्या हाताखाली काम करायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोघं जेवायला एकत्र बसायचे. हद्दूनं त्याला मूसमला नेलं. ताहेर आधी लाजला, मग त्या अर्धगोलात उभा राहून टाळ्या वाजवू लागला. निघायच्या दिवशी हद्दूनं मला त्याच्या हातात दिलं. आधी भिंतीकडं बोट दाखवून मान हलवली. मग शेकोटीकडं बोट केलं, आणि ताहेरचा खांदा आपल्या खांद्याला लावला. भिंतीला टांगू नकोस, माणसांत वाजव, असं ते सांगणं होतं.

लातूरच्या घरी ताहेरच्या बायकोनं, बानोनं, मला उलटसुलट करून पाहिलं.

"ये क्या लाए जी? चाळणी है क्या?"

"चाळणी नै, बाजा है."

"छेद बी नै इसकू. चलो, डाळ निवडने के काम आएगा."

आणि खरंच ती मला मांडीवर उताणं ठेवून माझ्यात तुरीची डाळ निवडू लागली. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. पण तिनं मला हलकेच हलवलं, डाळ कातड्यावरून घरंगळली, आणि मला दुरून घोडे दौडत आल्याचा आवाज ऐकू आला. तारा गुणगुणल्या. बानो हसली. "अगे, ये तो बात करता!" तेव्हापासून रोज सकाळी ती डाळ निवडायची आणि मी डोंगरात जाऊन यायचो. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत असायचे. मला ते ऐकू येत नसत.

दरवर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, ताहेरचा दोस्त शेषेराव दोघांना शेतावर न्यायचा. त्या दिवशी लोक शेतात पूजा करून तिथंच जेवतात; लातूर रिकामं होतं आणि शेतं भरतात. मी मात्र घरीच राहायचो. चाळणीला कोण जत्रेला नेतं?

मग एका पावसाळ्यात बानोला ताप आला. ती दवाखान्यातून परत आली नाही. अर्धी निवडलेली डाळ माझ्यातच होती. ताहेरनं ती डब्यात ओतली आणि मला खिळ्याला टांगलं. घर तसंच होतं. फक्त सकाळी आवाज नव्हता.

दोन पावसाळे गेले. माझं कातडं ढिलं पडलं, त्यावर बुरशीचे ठिपके आले. आणखी एक पावसाळा गेला असता, तर ते फाटलं असतं. ताहेरही कुठं जात नव्हता. माझ्यासमोर बसून राहायचा.

येळवशीच्या सकाळी शेषेराव जिना चढून आला.

"चल, ऊठ. आज येळवस हाय."

"यंदा नको, शेषेराव. तुम्ही जा."

"गेल्या साली बी हेच म्हणलास. औंदा न्हाई आलास तर पुन्हा मी हा जिना चढणार न्हाई, सांगून ठेवतो. गुडघे दुखतेत माझे." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आन ती चाळणी घे संगं. भाकरी ठेवायला व्हईल."

"चाळणी न्हाई ती!" ताहेर एकदम ओरडला.

"मग काय हाय? वाजवून दाव की!"

ताहेर उठला. मग त्यानं मला खिळ्यावरून उतरवलं.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे पूजेची छोटी खोपी, उभी होती. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, भाज्या-शेंगांची भज्जी वाढली गेली. सगळे जेवले. मग शेषेरावानं नुसतं माझ्याकडं बोट केलं. ताहेरनं थाप मारली. थप्प.

"अगं बाई!" शेषेरावाची बायको साखराबाई म्हणाली. "भावजी, ह्यो तर भिजलेल्या पापडावानी वाजतोय."

सगळे हसले. ताहेर हसला नाही. तो उठला आणि पूजेचं दूध उतू जाऊ दिलेल्या चुलीपाशी जाऊन बसला. आत निखारे होते. हद्दू धरायचा तसं त्यानं मला धरलं. ऊब आत शिरली. दोन वर्षांचा गारठा कातड्यातून निघाला. त्यानं पुन्हा थाप मारली आणि मी बोललो. पण आवाजात मधेच खर्र असं काहीतरी येत होतं.

शेषेरावानं मला उलटं करून पाहिलं. "तारेखाली डाळीचा दाणा अडकलाय. थांब, काडीनं काढतो."

ताहेरनं त्याचा हात धरला.

"राहू दे. बानोचा हाय तो."

शेषेरावानं काडी टाकून दिली. साखराबाईनं पदराला हात पुसले आणि ती ताहेरच्या शेजारी येऊन उभी राहिली. दुसऱ्या बाजूला शेषेराव. मग शेजारच्या शेतातली माणसंही आली.

"वाजवा भावजी," साखराबाई म्हणाली. "आम्ही हायेत की."

ताहेरनं वाजवलं. दिवस मावळेपर्यंत वाजवलं. त्याचे डोळे वाहत होते, हात थांबत नव्हते. तुरीच्या शेतात मला डोंगर दिसले, घोडे दिसले, आणि मांडीवर मला घेऊन बसलेली बानोही दिसली.

मित्रांनो, आता मी खिळ्यावर नसतो. माझा आवाज पहिल्यासारखा स्वच्छही नाही. तुमच्या घरात एखादं वाद्य असंच टांगलेलं असेल, तर त्याला खाली घ्या. त्याला ऊब दाखवा. माणसांत न्या. आणि त्याच्यात काही अडकलेलं दिसलं, तर काढायच्या आधी विचारा, हे कुणाचं आहे?