मखमल बेतताना

मखमलीचं नाव काढू नका माझ्यासमोर. लोकांना ती मऊ लागते. मला ती नुसती दिसली तरी खांदे दुखायला लागतात.

शिवणकारखान्यात मी आले ती धागे कातरायला. नवरा गेला तेव्हा मुलगी मांडीवर मावत होती. तिला शेजारी पोत्यावर निजवायची आणि दिवसभर खाली बसून तयार कपड्यांची शेपटं कापायची. मग काजं-बटणं, मग मशीन, मग कटिंग मास्तरांच्या हाताखाली. सांगायला एक ओळ पुरते, पण त्यात माझे केस पिकले. राहायला दिरांकडे. त्यांच्या भरल्या घरात मी, मुलगी आणि सासूबाई एका कोपऱ्यात. सासूबाईंना पाय पसरायचे तर मुलीनं गुडघे पोटाशी घ्यायचे. थोरल्या जाऊबाई माझ्याच कारखान्यात मशीनवर, आणि जीभ अशी की विचारू नका. "मास्तरीण व्हायला निघालीय," त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, "आधी नीट झोपायला जागा शोध म्हणावं." मी ऐकून घ्यायची असं समजू नका. चांगलं सुनवायची. पण भांडायलाही जीव लागतो, आणि तो संध्याकाळी उरायचा नाही.

मास्तरांची नजर गेली, ते घरी बसले. मालकीणबाईंनी मला बोलावलं. "पुढचं काम तू बेत. नीट झालं तर कटिंगचं टेबल तुझं, आणि कारखान्यावरची राहायची खोलीही तुझी."

वरची खोली! जेवणाच्या सुट्टीत मी चोरासारखी वर गेले आणि दाराची आतली कडी नुसती लावून बघितली. आपली आपण लावायची कडी. काय सांगू तुम्हाला, तीनदा काढली आणि तीनदा लावली.

काम आलं ते नेमकं मखमलीचं. कुठल्याशा गाणाऱ्या मंडळींचे गडद निळे कोट. आम्ही वर्षानुवर्षं सुती गणवेश शिवणारे. मखमल आमच्या टेबलावर कधी चढली नव्हती. पण कापड ते कापड, असं मला वाटलं. खरं विचाराल तर बेतणं मी घरी शिकले, जुन्या कपड्यांतून मुलीचे फ्रॉक काढताना. कापड नेहमी वीतभर कमीच. मग पुढा सरळ ठेवायचा, पाठ खाली डोकं वर पाय करून, आणि मधल्या फटीत बाही सरकवायची. कोंड्याचा मांडा करायची सवयच लागलेली. टेबलावरही मी तेच केलं. पुढा-पाठ-बाहीचे कागदी फर्मे असे एकमेकांत बसवले की मुंगी शिरली नसती. ताग्याच्या शेवटी भलाथोरला तुकडा शिल्लक राहिला. मालकीणबाई खूश. माझे तर पाय जमिनीवर नव्हते.

पहिला कोट जाऊबाईंच्या मशीनवर गेला. जोडून झाल्यावर त्यांनी तो खिडकीशी उजेडात धरला आणि मला हाक न मारता खुणेनं बोलावलं.

"हे काय गं? पुढा काळा आणि पाठ फिकी?"

मी डोळे चोळले. एकाच ताग्याचं कापड, पण कोट दोन कोटांतून जोडल्यासारखा दिसत होता. जाऊबाईंनी माझा तळहात धरून पाठीवरून खाली फिरवला, मग पुढ्यावरून. एकीकडे सुळकन गेला, दुसरीकडे अडला. मखमलीला लव असते, ती एकाच दिशेला झोपते. फर्मा उलटा ठेवला की रंग बदलतो. आणि एका ताग्याचे सगळे थर कापून झाले होते.

वाटलं, आता या हसणार. इतकी वर्षं याचीच तर वाट बघत होत्या. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "माझी सुई मोडली असं सांगते मी. तोवर तू जा. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तू सांग."

मालकीणबाईंनी कोट बघितला आणि तोंडाचा असा काही पट्टा सोडला की मशीनं थांबली. "वाचवायला गेलीस आणि बुडवलंस! कुणी सांगितलं होतं वाचवायला?"

खरंच की. कुणीच सांगितलं नव्हतं.

"उद्या दुसरा मास्तर बघते. तू मशीनवर बस."

मी जागची हलले नाही. धीट वगैरे मुळीच नाही मी. आता कायम घरच्या त्याच कोपऱ्यात राहायचं, या विचारानंच पाय उचलेनात. म्हटलं, "बाई, दुसरा तागा मलाच द्या."

"आणि तोही घालवलास तर?"

"नवा माणूस नवी चूक करेल. माझी तरी करून झालीय. बिघडलेल्या कापडाच्या टोप्या काढून देते. सुट्टीच्या दिवशी येऊन देते."

त्यांनी दुसरा तागा काढून टेबलावर टाकला. मग म्हणाल्या, "हा शेवटचा."

तागा पसरला, आणि बघते तर हात ऐकेना. पुढा ठेवला की पाठीचा फर्मा आपोआप उलटा फिरायचा. जित्याची खोड, दुसरं काय! शेवटी जाऊबाईंना बोलावलं. "समोर उभ्या राहा. हात उलटा गेला की मारा."

"एवढ्या दिवसांनी कामाचं बोललीस," त्या म्हणाल्या, आणि खरंच मारलं मेलीनं. सटासट. संपेपर्यंत मनगट लाल झालं होतं. फर्मे सगळे एकाच दिशेनं निजले, मधे ही मोठमोठी जागा मोकळी सोडून. मी कापत गेले आणि टेबलाखाली चांगल्या मखमलीचा ढीग साठत गेला.

कोट जुळून आले तेव्हा मालकीणबाईंनी स्वतः हात फिरवून बघितलं. "जमलं. उद्यापासून वर राहायला ये." जाता जाता ढिगाकडे बघून म्हणाल्या, "ते हवं तर घेऊन जा घरी. फेकायचंच आहे."

मी खाली बसून तुकडे उचलायला लागले. हा फ्रॉकच्या छातीला पुरला असता. याच्या दोन बाह्या निघाल्या असत्या, फुग्याच्या. जुनेर उसवून उसवून वाढवली मी पोरीला, ठिगळ दिसू नये म्हणून वर खिसा लावायची. आता ती माझ्या खांद्याला लागते. त्या अख्ख्या ढिगातून तिच्या अंगाला येईल असं काहीसुद्धा निघत नव्हतं. मी तिथेच बसून ढसाढसा रडले.

जाऊबाई शेजारी टेकल्या. "रड," म्हणाल्या, "पण आटप लवकर. तुझं सामान बांधायचंय."