लाल पट्टीच्या आत

नाहूरच्या एका जुन्या सोसायटीची पुनर्विकासासाठी ड्रोनने पाहणी होती आणि कल्पिताला काम मिळालं होतं ते ड्रोनकडे न बघण्याचं. ड्रोन उडवणारा दिपेश वर बघणार. हिने खाली माणसांवर डोळा ठेवायचा. ड्रोन उतरायच्या जागेभोवती लाल पट्टी बांधली होती, तिच्या आत कुणाला येऊ द्यायचं नाही. नोकरीचा आज पहिलाच दिवस.

पण तिथेच राहणाऱ्या धाकूआजोबांनी सोसायटीभर डंका पिटला होता, "माझी नात विमान उडवता!" गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्यांनी या पोरक्या नातीला वाढवलं. आपण फक्त माणसांना मागे सारतो, हे त्यांना सांगायचा तिला धीर झाला नव्हता. आज आजोबा इस्त्रीचा सदरा घालून, शेजारच्या दशरथला ओढून आणून अगदी पुढे उभे होते.

"बॅटरी संपत आली, उतरवतोय!" दिपेश ओरडला.

सगळ्यांच्या माना वर. आजोबांनीही वर बघतच पट्टी उचलली आणि सरळ आत आले. पट्टी परक्यांना, नातीच्या विमानाला कसली आलीये पट्टी!

"आजोबा, मागे!" ऐकतील तर शपथ. गरगरणारी पाती खाली येत होती. कल्पिता जिवाच्या आकांताने ओरडली,

"ए म्हाताऱ्या! हो मागे!"

आजोबा जागीच थिजले. ड्रोन त्यांच्यापुढे हातभर अंतरावर उतरला. दशरथ फिस्सकन हसला.

"मी काय परको आसंय गो?" आजोबांनी हळूच विचारलं.

"डोक्यात बसला असता ना तो!" तिला रडूच फुटलं. "आणि मी नाही उडवत, आजोबा. लोकांना लांब ठेवते, एवढंच माझं काम."

आजोबा पट्टीबाहेर गेले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बॅटरी बदलून ड्रोन पुन्हा उडाला. गर्दीवरून नजर फिरवताना ती थबकली. पट्टीपाशी आजोबा ड्रोनकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे होते.

"सरा रे मागे!"

"अरे धाकू, नातीचं विमान बघ तरी!" दशरथने डिवचलं.

"ती विमान उडवणा नाय," आजोबा म्हणाले. "राखण करता. माझ्यासारखी."

ड्रोन डोक्यामागे घोंघावत उतरला, तरी त्यांनी मान वळवली नाही.