पॉलिशची मशीन

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. त्या सालच्या चैत्रात भिकुबाई आणि तिचा नवरा हिलालमिस्त्री शिरपूरहून जळगावला मशीन घ्यायला निघाले, आणि बस अमळनेरला पोचेपर्यंत भिकुबाईने तोंडातून एक शब्द काढला नाही.

हिलाल सुतार होता, आणि त्याच्या घरात घासकाम बायकांचं होतं. पुरुषांनी लाकूड कापायचं, रंधा मारायचा, जोडायचं; मग बायकांनी काचपेपर घेऊन बसायचं. घरात त्याला पॉलिशपेपर म्हणत. भिकुबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून, म्हणजे बावीस वर्षं, घासत होती. घासून झालं की लुगड्याचा पदर फळीवरून ओढायची. एक धागा जरी अडकला तरी पुन्हा घासायला बसायची. पण त्या वर्षी तिची दोन्ही मनगटं सुजली. भाकरी थापवेना. आणि त्याच वेळी हिलालने एका वसतिगृहाची चाळीस सागवानी टेबलं अंगावर घेतली होती.

"तुन्हा मनगट दख," हिलाल म्हणाला होता. "आते हातवर चाळीस टेबलं व्हतीन का? मशीन लेवानीच पडी."

"माले भेव लागस," ती म्हणाली.

हिलालला कारण ठाऊक होतं. कारण पलीकडच्या खोलीत बसलं होतं. त्याचा धाकटा भाऊ मगन. सहा वर्षांपूर्वी मगनने धुळ्याहून एक मशीन आणली होती. पहिल्याच दिवशी, डाव्या हाताने फळी धरून उजव्या हाताने त्याने मशीन टेकवली. काचपेपर लावलेली चकती फळीत चावली, मशीन उडाली आणि डाव्या हातावर आली. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. भिकुबाई तेव्हा समोरच बसली होती. रक्ताचा शिंतोडा तिच्या हातातल्या काचपेपरवर पडला होता.

निघताना मगन दारात आला. "वहिनी, तू जाऊ नको. ती मशीन लाकूड का हात, काही दखस नही."

"मग टेबलं कोण घासी? तू?" हिलाल म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

जळगावला रतिलालभाईंचं हत्यारांचं दुकान होतं. बिजागऱ्या, करवती, ड्रिल, सगळं छतापर्यंत लटकलेलं. रतिलालभाई जाडजूड, पांढरा लेंगा-सदरा, तोंडात सुपारी.

"बोला मिस्त्री, काय देऊ?"

"पॉलिशची मशीन दाखवा," हिलाल म्हणाला.

नोकर आत गेला आणि दोन्ही हातांनी उचलून एक मशीन घेऊन आला. लांब मान, बाजूला मूठ, पुढे रबराची ताटलीएवढी चकती. ती फळकुटावर ठेवली तेव्हा धप्प आवाज झाला.

भिकुबाई एक पाऊल मागे सरली. तीच. रंग वेगळा होता, पण तीच मान, तीच मूठ, तीच चकती. तिने हिलालच्या सदऱ्याचं टोक पकडलं. तो मशीनकडेच बघत होता.

"चालू करून दाखवा की," हिलाल म्हणाला. त्याने मगनची मशीन नीट पाहिलीच नव्हती. त्या दिवशी तो भावाला सायकलवर घालून दवाखान्यात पळाला होता, आणि परत आला तेव्हा भिकुबाईने ती मशीन विहिरीत टाकली होती.

नोकराने खटका दाबला. दुकानभर किंकाळी उठली. चकतीची कड दिसेनाशी झाली, वारा भिकुबाईच्या तोंडावर आला, आणि ती ओरडली, "बंद करा! बंद करा!"

मशीन थांबली. दुकानातली चार माणसं वळून पाहू लागली.

"काय झालं ताई?" रतिलालभाई म्हणाले. "शॉक बसला?"

"ही नही," ती म्हणाली. "हीनीच मन्हा देवरना बोटं खाद्यात. ही नको, आम्हाला लाकूड घासायचंय."

"लाकूड?" रतिलालभाईंनी सुपारी गालात सरकवली. "अहो, ही फरशी घोटायची मशीन. मिस्त्रींनी पॉलिशची मागितली, मी पॉलिशची दिली."

"पण पॉलिशपेपर तर लाकडालाच लावतात ना," हिलाल म्हणाला.

"तो तुमच्याकडचा पॉलिशपेपर. आम्ही काचपेपर म्हणतो. आणि पॉलिश म्हटलं की इथे फरशी, नाहीतर मोटार."

मगनने धुळ्याला हाच शब्द वापरला असणार. दुकानदाराने शब्द ऐकला आणि त्या शब्दाची मशीन दिली. कुणी खोटं बोललं नव्हतं. सहा वर्षं भिकुबाई मगनच्या नशिबाला दोष देत होती, आणि आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, तोच शब्द पुन्हा तीच मशीन घेऊन आला होता. ती सोबत आली नसती तर?

रतिलालभाईंनी मग स्वतः आत जाऊन दोन लहान मशिनी आणल्या. दोन्ही मुठीत मावतील अशा, खाली गोल गादी, मागे भुसा धरायची पिशवी. एक इथली, एक परदेशी, तिप्पट किमतीची.

"दोन्ही चांगल्या," ते म्हणाले. "दोन्ही गोल फिरतात आणि फिरता फिरता सरकतातही. एका जागी खोदत नाहीत. डोळे मिटून न्या."

"डोळे मिटूनच नेली होती मन्हा देवरने," भिकुबाई म्हणाली. "भाऊ, पॉलिशपेपर लावू नका. नुसती गादी फिरवा. आणि आधी तुम्ही हात लावा."

"मी?"

"चांगली शे ना? मग लावा."

नोकर हसला. रतिलालभाईंनी पहिली मशीन उलटी करून चालू केली. गादी क्षणात वेगात गेली, चिरका आवाज चढत गेला. त्यांनी तळहात जवळ नेला, चार बोटांवर थांबवला, आणि खटका बंद केला.

"ही राहू द्या," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरी, परदेशी, चालू केली. हिची गादी हवेत सुसाट पळत नव्हती. कुणीतरी लगाम धरल्यासारखी सावकाश फिरत होती. रतिलालभाईंनी तळहात टेकवला, दाबला. गादी फिरायची थांबली, नुसती थरथरत राहिली.

"आता तुम्ही, ताई."

भिकुबाईने हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा केला. मगनच्या हाताला बांधलेलं ते फडकं, त्यातून ठिबकणारं रक्त, सगळं डोळ्यांपुढे आलं. हिलाल म्हणाला, "राहू दे, मी लावस." तिने मान हलवली. घासायचं तिला होतं.

तिने डोळे उघडे ठेवूनच तळहात टेकवला.

मुंग्या आल्यासारखं झालं, एवढंच. दाब कमी केला तशी गादी हळूच वळली, जरा सरकली, परत वळली. हातांवर पुरणाचा मांडा वाढवताना असंच होतं. मांडा स्वतःभोवती फिरतो आणि कोपरापर्यंत सरकतही जातो, कुठेच एका जागी ताण पडत नाही, म्हणून फाटत नाही. सासूने हे तिला शब्दांत कधी सांगितलं नव्हतं, हातांनी शिकवलं होतं. आणि आता तेच हात सांगत होते, ही चावणार नाही.

"हाईच द्या," ती म्हणाली.

घरी पहिलं टेबल घासताना तिने हिलालला भिंतीवरच्या खटक्यापाशी उभं केलं. मगन ओट्यावरून आत आला नाही. मशीन सुरू झाल्याबरोबर तो उठून चालता झाला, आणि तिला वाटलं, आपणही तसंच उठून जावं. पण तिने दोन्ही हात मशीनवर ठेवले. फळीला हात लावायचा नाही, हा नियम तिने त्याच दिवशी केला. फळी शिकंज्यात आवळायची. टेबल घासून झालं. चाळीसही झाली.

मगन पुन्हा लाकडाकडे वळला नाही. दोंडाईच्याला त्याने बिजागऱ्या-कड्यांचं दुकान काढलं. आजही चालतं, त्याच्या जावयाकडे. रतिलालभाई गेले, पण शेवटपर्यंत कोणी पॉलिशची मशीन मागितली की ते विचारत, "लाकूड, फरशी की मोटार?" त्यांच्या नातवालाही तीच सवय आहे. हिलालला दमा झाला. पिशवीत भुसा धरणारी मशीन घरात उशिराच आली होती. दोन हजार नऊ साली तो वारला. मशीन त्याच्या आधीच जळाली. तिच्या जागी दुसरी आणली, तीही भिकुबाईने हात लावूनच निवडली.

भिकुबाई धुळ्याला लेकीकडे असते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. बावीस वर्षं हातांनी आणि बारा वर्षं मशीनने घासलं, पण एकाही बोटाला धक्का लागला नाही. भीती मात्र गेली नाही. लेक मिक्सरचं झाकण काढायला लागली की ती पलंगावरून ओरडते, "आधी पिन काढ!" आणि पिन निघाल्याचं दिसेपर्यंत श्वास धरून बसते.