शेवटच्या टाक्याची गाठ

माझी वहिनी उमादेवी हिला एक खोड होती. कुठंही दोरा लोंबताना दिसला की तिला राहवत नसे. मग तो भावाच्या सदऱ्याचा असो की पाहुणीच्या पदराचा, बोटाला गुंडाळून ओढायचा आणि दातानं तोडायचा. या खोडीवरच मी तिला धरलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

नवऱ्यानं देवणीत दुसरं घर केलं तेव्हा मी उदगीरला भावाकडे, गुरुपादप्पाकडे आले. त्याचं किराणा दुकान. सात वर्षं मी वहिनीच्या स्वयंपाकघरात राबले. लातूर जिल्हा झाला, गावभर पेढे वाटले, आणि मग पावसानं तोंड फिरवलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायला लागलं, आणि आमच्याकडे जेवणारी माणसं चौदा.

लहानपणी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी मला दोन सुयांवरचं विणकाम शिकवलं होतं. ते आता उपयोगी पडलं. सायकलच्या चाकाचे दोन आरे दगडावर घासून मी सुया केल्या आणि दुकानातला पुड्या बांधायचा सुती दोरा घेतला. असं फडकं विणलं की त्याची एक बाजू खरखरीत आणि दुसरी मऊ. खरखरीत बाजूनं राखेत ताट घासायचं, मऊ बाजू ओली करून पुसून घ्यायचं. दोन तांब्यांत चौदा ताटं लख्ख निघायची. गल्लीतल्या बायका मागायला लागल्या, आणि वहिनी स्वतः विणल्याचं सांगून द्यायला लागली. तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

मग शेजारच्या साखराबाईनं बातमी आणली. लातूरला बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन भरणार होतं. जिचं काम पसंत पडेल तिला तिथल्या नव्या विणकाम वर्गावर बाई म्हणून घेणार, पगार देणार आणि राहायला खोलीही. खोली! दाराला आतून माझी कडी असलेली खोली. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी साखराबाईकडे अर्ज मागायला गेले तर वहिनीनं तो आधीच भरून दिला होता, स्वतःच्या नावानं.

"नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं नाव कसं द्यावं, अक्का?" ती म्हणाली. "चार लोकांत शोभा व्हायची. नाव माझं ऱ्हाऊ दे, काम तू कर. घरातल्या घरातच हाय की."

भाऊ खाली मान घालून जेवत होता. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. पण आतून जी पेटले ती पेटलेच.

प्रदर्शनासाठी तिनं मला नवं फडकं विणायला सांगितलं. मी जीव ओतून विणलं. चारी कडांना बेलाची पानं उठवली. शेवटची ओळ बंद केली आणि शेवटच्या टाक्यातून दोरा ओवून जी गाठ मारायची असते, ती मारलीच नाही. वरून एक कच्चा टाका घातला आणि चार बोटं दोरा कोपऱ्यात लोंबता ठेवला. विणणारी बाई असा दोरा कधी ओढत नाही, सुईनं आत ओवते. ओढणारी बाई मला ठाऊक होती.

लातूरला गाठोडं उचलायला वहिनीनं मला सोबत नेलं. प्रदर्शनाच्या मोठ्या बाई आमच्या टेबलापाशी थांबल्या. फडकं उलटंपालटं करून पाहिलं, पानांवरून बोट फिरवलं. वहिनी फुलून गेली. तेवढ्यात तिला तो दोरा दिसला. मोठ्या बाईंसमोर काम कसं नीटनेटकं दिसायला हवं! तिनं दोरा बोटाला गुंडाळला आणि ओढला. कच्चा टाका तुटला. दोरा निघतच राहिला. घाबरून तिनं आणखी ओढला, आणि एका ओळीमागून एक ओळ टेबलावर ढीग होऊन पडली.

मोठ्या बाई हसल्या. "असू द्या, होतं असं. टाके परत सुईवर घ्या ना. पाहू द्या मलाही."

वहिनीनं गाठोड्यातली सुई हातात घेतली. तिला ती कुठून घालायची हेच ठाऊक नव्हतं. तिच्या कपाळावर घाम आला, विभूती ओघळली. मी हात पदराखाली घट्ट धरून उभी राहिले. सात वर्षांचा एकेक दिवस मला त्या घामात दिसत होता आणि मला फार बरं वाटत होतं.

शेवटी ती पुटपुटली, "अक्का, घे ना जरा."

"कुणी विणलंय हे, ते आधी सांग, वैनी."

तिनं सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. मग मी सुई घेतली.

वर्गावर बाई म्हणून लातूरला राहायला निघायच्या आदल्या दिवशी मी घरातली माझी सगळी फडकी उसवली, दोऱ्याचा गुंडा केला आणि पेटीत ठेवला. एकच फडकं खुंटीवर ठेवलं. त्याच्या कोपऱ्यात चार बोटं दोरा लोंबता होता.

भाऊ महिन्यातून एकदा भेटायला येतो. वहिनी त्या फडक्याला हात लावत नाही म्हणतो. टँकरवर भांडून घागरी आणते आणि ताटं पाण्यानं धुते. त्या दोऱ्याकडे बघते आणि तोंड फिरवते.

त्या फडक्याच्या शेवटच्या टाक्याला मी दुहेरी गाठ मारलेली आहे. कितीही ओढलं तरी ते उसवणार नाही. हे मी भावाला सांगितलेलं नाही.