प्लास्टिकातली स्टेपनी

काकांच्या गाडीचे चारही टायर इतके गुळगुळीत होते, की त्यांच्यावर चढलेली मुंगी घसरून खाली पडायची. पाचवी मात्र राणी होती. डिकीतली स्टेपनी, कंपनीच्या प्लास्टिकसकट. काका तिला दर रविवारी पुसायचे आणि उन्हाळ्यात तिच्यावर ओला टॉवेल टाकायचे.

"अडीअडचणीला लागते हो ती," ते काकूंना सांगायचे. पण अडचण आली की त्यांना ती नेहमी छोटीच वाटायची. तेवढ्यासाठी राणीला कुठे उठवायचं?

त्या दिवशी काकूंची लायसन्सची परीक्षा होती. तिसऱ्यांदा. यंदाही नापास झाल्या, तर गाडीची चावी काकांच्या खिशातच राहणार आणि माहेरी जायलासुद्धा त्यांचीच परवानगी लागणार. आणि नेमका अर्ध्या वाटेवर टायर फुटला.

"काढा ती स्टेपनी."

"अगं, रिक्षा बघू ना!"

"तुम्ही बाजूला व्हा." काकूंनी जॅक लावला आणि टराटरा प्लास्टिक फाडलं. काकांनी डोळे मिटले. काकूंनी नट आवळून जॅक खाली केला, तर गाडी एका बाजूला हळूहळू बसली. दमलेली म्हैस बसावी तशी.

"अहो, हिच्यात हवा कधी भरली होती?"

"प्लास्टिकमध्ये होती ना ती! हवा कशी भरणार?"

समोरून दुधाची व्हॅन येत होती. काकूंनी पदर खोचला, हात दाखवला आणि व्हॅन थांबायच्या आधीच चढल्या म्हणे. काकांना मात्र तिथेच सोडलं, राणीजवळ.

मैदानावर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी भाड्याने मिळाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "गाडी काढण्याआधी काय तपासाल?"

मागच्या दोन्ही वेळी काकू "आरसा" म्हणून गप्प बसल्या होत्या. आज त्या सुटल्याच. ब्रेक ऑइल, रेडिएटरचं पाणी, वायपर, टायरच्या खाचा! "आणि साहेब, सगळ्यात आधी स्टेपनीतली हवा. पुसून काय होतंय? ती काय देवघरात ठेवायचीय?"

साहेब "आलोच" म्हणून मैदानाबाहेर गेले, आपल्याच गाडीची डिकी उघडली, स्टेपनी अंगठ्याने दाबली आणि अंगठा आत गेला. परत आले ते पायपंप घेऊन, घामाघूम. काकूंना गाडी चालवायला सांगितलं, एक चक्कर झाली आणि सही केली. पंपही दिला, वापरून परत आणा म्हणाले.

काकू परत गाडीपाशी पोचल्या, तेव्हा काका रस्त्याच्या कडेला प्लास्टिकची घडी घालत होते. त्यांनीच हवा भरली, कारण काकूंनी पंप त्यांच्या हातात दिला आणि दुसरा हात चावीसाठी पुढे केला.

"अगं, स्टेपनीवर गाडी चालवायची तुला सवय नाही."

"तुम्हाला तरी कुठे आहे?"

काकांनी जरा विचार केला. मग खिसा चाचपला.